आधी बायोस, मग ओव्हरक्लॉक: एएम५ मदरबोर्डवर फर्मवेअर बदलताना

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्याचे आकडे म्हटलं की आपण प्रोसेसरचा विचार करतो. ते आकडे खरं तर तिघांचे असतात: प्रोसेसर, रॅम आणि बोर्डावर त्या दिवशी असलेली बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची, आवृत्ती. तिसरा भिडू बदलला की आधीचं सेटिंग चालेल याची खात्री उरत नाही. त्यामुळे अपडेटनंतर जुनं प्रोफाइल जसंच्या तसं लोड करून बसणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

इथे उदाहरण घेतलंय ते नेहमीच्या मशीनचं: एएमडीच्या एएम५ सॉकेटचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा बोर्ड आणि रॅमच्या १६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० सीएल३० पट्ट्या. बी६५० वर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही ओव्हरक्लॉक होतात. ए६२० चा बोर्ड असेल तर रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम कंपनीने आधीच ठरवून दिलेलं जास्त वेगाचं सेटिंग) चालेल, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग मात्र चिपसेटलाच मंजूर नाही. कितीही नवा बायोस घातला तरी ते उघडणार नाही.

अपडेट करायचा कशासाठी

एएमडी प्रोसेसर सुरू करणारा, रॅम ट्रेन करणारा (म्हणजे तिचे सिग्नल जुळवून घेणारा) आणि व्होल्टेजची बंधनं पाळणारा कोड ‘अजेसा’ नावाने बोर्ड कंपन्यांना देते. कंपन्या त्यावर आपापला मेनू आणि सेटिंग चढवतात. बायोसच्या डाउनलोड पानावर ‘अजेसा अमुक आवृत्ती’ असं लिहिलेलं असतं, ओव्हरक्लॉकरने आधी वाचायची ओळ तीच.

अजेसा किती फरक पाडतो याचं ठळक उदाहरण एप्रिल २०२३ मधलं. रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, बोर्डावरच्या पिनाही करपल्या. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड सॉक व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) गरजेपेक्षा बरंच वर नेत होते. एएमडीने नव्या अजेसातून सॉक व्होल्टेजला १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. पाठोपाठ आलेल्या १.०.०.७ च्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्या नीट चालू लागल्या आणि रॅमचा जास्त वेग पकडणंही सोपं झालं. म्हणून वापरलेला किंवा दुकानात पडून राहिलेला एएम५ बोर्ड घेतला आणि त्यावर २०२२ चा किंवा २०२३ च्या सुरुवातीचा बायोस निघाला, तर एक्स्पोला हात लावण्याआधी अपडेट करा. इथे दुसरं मत नाही.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनाही हेच लागू. जादा व्होल्टेज मागून हळूहळू खराब होण्याच्या तक्रारीवर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणारा दुरुस्ती-कोड) दिला. त्यात प्रोसेसरने मागायच्या व्होल्टेजवर १.५५ व्होल्टची मर्यादा आहे. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. हे दोन्ही बायोसमधूनच येतात. अपडेटनंतर बोर्ड ‘इंटेल डिफॉल्ट’ वर येतो आणि आय९ ची वीजमर्यादा ४०९६ वॅट या नावापुरत्या आकड्यावरून २५३ वॅटवर उतरते. बेंचमार्कचा आकडा खाली आला म्हणून बायोसला नावं ठेवू नका. आधीचा आकडा प्रोसेसरच्या आयुष्यातून उसना घेतलेला होता.

तरीही नवं ते चांगलंच असतं असं नाही. अपडेटने सोयी काढून घेतल्याचीही उदाहरणं आहेत. २०१५ च्या शेवटी काही कंपन्यांनी बायोसमधून स्कायलेकचे ‘के’ नसलेले प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू दिले, इंटेलने ते २०१६ मध्ये बंद करायला लावलं. २०१९ च्या प्लंडरव्होल्ट त्रुटीनंतर बऱ्याच इंटेल मशीनवर, विशेषतः लॅपटॉपवर, अंडरव्होल्टिंगला, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम कमी करण्याला, कुलूप लागलं. म्हणून डाउनलोड पानावर ‘यानंतर मागच्या आवृत्तीवर जाता येणार नाही’ असं लिहिलंय का ते बघून घ्या. ‘बीटा’ शिक्का असलेली आवृत्ती तुमच्या नेमक्या अडचणीचा उल्लेख असेल तरच घ्या. मशीन स्थिर आहे, नवा प्रोसेसर घालायचा नाही आणि सुरक्षेची दुरुस्तीही नाही, तर अपडेट करण्यासारखं काही नाही.

आधीची तयारी

बोर्डाचं नाव खोक्यावरून घेऊ नका. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा, तिथे बेसबोर्डचं नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड टॅबवरही हेच मिळतं. नावातलं एकेक अक्षर महत्त्वाचं आहे: वायफाय असलेला आणि नसलेला, डीडीआर४ चा आणि डीडीआर५ चा असे सख्खे भाऊ वेगवेगळ्या फाइली मागतात. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात ‘रेव्ह १.०’, ‘रेव्ह १.२’ असं छापलेलं असतं. ते जुळत नसेल तर फाइलही वेगळी.

आत्ताची सेटिंग मोबाइलने टिपून ठेवा. बायोसमध्ये एफ१२ दाबलं की बहुतेक बोर्ड पेनड्राइव्हवर स्क्रीनशॉट काढतात, तेही चालेल. रॅमची टायमिंगं, सगळी व्होल्टेजं, कर्व्ह ऑप्टिमायझरचे (प्रोसेसरच्या कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारे) आकडे, फॅन कर्व्ह (तापमानानुसार पंख्याचा वेग) आणि साटा मोड (डिस्क कुठल्या पद्धतीने चालवायची ते) यात यायला हवेत. साटा मोड लोक विसरतात. विंडोज ‘रेड’ मोडवर टाकलेलं असेल आणि अपडेटनंतर बोर्ड ‘एएचसीआय’ मोडवर आला, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं आणि सगळा दोष बायोसवर जातो. बायोसमध्ये साठवलेल्या प्रोफाइलवर विसंबू नका. फ्लॅश करताना, म्हणजे नवा बायोस चिपवर लिहिताना, ती बहुधा पुसली जातात, आणि राहिली तरी नव्या आवृत्तीत तीच ओळ वेगळ्या सेटिंगला जाऊन बसू शकते.

मग ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ करून एकदा विंडोजमध्ये जा. रॅम ४८०० किंवा ५२०० वर आली पाहिजे. फ्लॅश करणारं साधन पेनड्राइव्हवरची फाइल आधी रॅममध्ये घेतं, तपासतं आणि मग चिपवर लिहितं. रॅम ओव्हरक्लॉकमुळे डळमळीत असेल तर एखादा बिट तिथेच फिरू शकतो. तपासणीत तो सापडला तर फ्लॅश नाकारला जातो, तपासणीनंतर फिरला तर बोर्डच बंद पडतो. ओव्हरक्लॉक चालू ठेवून फ्लॅश करणं म्हणजे हलत्या शिडीवर उभं राहून छताला पंखा लावणं.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, तपासा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलेलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन तुमच्या नकळत चालू असू शकतं. नियंत्रण पॅनेलमध्ये जाऊन संरक्षण ‘सस्पेंड’ करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा. मोबाइलवर नको, कागदावरच. गडबड झाली तर तोच मोबाइल दहा कामांना लागतो.

पेनड्राइव्ह ८ ते ३२ जीबीचा आणि शक्यतो साधा यूएसबी २.० चा घ्या. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. ६४ जीबीचा असेल तर विंडोजचं उजव्या क्लिकचं फॉरमॅट एफएटी३२ चा पर्यायच देत नाही, एक्सफॅट देतं, आणि बोर्डाला एक्सफॅट बहुधा वाचता येत नाही. झिप उघडून आतली बायोस फाइल ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा, फोल्डरमध्ये नको. एएम५ ची फाइल साधारण ३२ एमबीची असते, काही केबीची दिसली तर डाउनलोड अर्धवट झालंय. कंपनीने शा-२५६ (फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायचा कोड) दिला असेल तर तो जुळवून घ्या.

वीज. महावितरणची वीज दुपारच्या भरवशाची नसेल तर हे काम संध्याकाळी घ्या, वादळी पावसाच्या दिवशी घेऊच नका. लहान यूपीएस असेल तर उत्तम. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला झेपेलच असं नाही. चांगला पॉवर सप्लाय वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो.

फ्लॅश

विंडोजमधून फ्लॅश करणारी कंपन्यांची अ‍ॅप्स असतात. ती वापरू नका: मागे अँटिव्हायरस चालू असतो, विंडोज अपडेट चालू असतं, आणि मध्ये निळा पडदा आला तर बोर्ड अर्ध्यावर. बायोसमधलंच साधन वापरा. सुरू होताना डिलीट दाबून आत जा. एमएसआयवर ते एम-फ्लॅश, असूसवर ईझेड फ्लॅश, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, अ‍ॅसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश.

१. पेनड्राइव्ह बोर्डाच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची लांब केबल इथे नको. बाकीचे यूएसबी ड्राइव्ह काढा, कीबोर्ड आणि माउस राहू द्या.

२. फाइल निवडा. पडद्यावर आलेलं मॉडेल आणि आवृत्ती वाचा, मग होकार द्या.

३. साधारण ३ ते १० मिनिटं लागतात. पट्टी मध्येच थांबल्यासारखी वाटते, पंखे एकदम जोरात फिरतात, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं. या काळात कशालाही हात लावू नका.

४. पुन्हा सुरू झाल्यावर पडदा काळा राहील. घाबरून बटण दाबायची हौस इथेच अनेकांना नडते.

काळ्या पडद्याच्या वेळात रॅम ट्रेनिंग चालू असतं. डीडीआर५ वर बोर्ड प्रत्येक पट्टीसाठी सिग्नलची वेळ आणि व्होल्टेज नव्याने जुळवतो. अपडेटने आधीचं सगळं पुसलेलं असल्यामुळे त्याला शून्यातून सुरुवात करावी लागते. ३२ जीबीला दोन-चार मिनिटं, चार पट्ट्या किंवा ९६ जीबी असतील तर दहा-पंधरासुद्धा. बोर्डावर ‘डीरॅम’ नावाचा पिवळा दिवा लागलेला दिसेल. तो लागून राहिला म्हणजे काम चालू आहे, रॅम मेली असा त्याचा अर्थ नाही. अर्धा तास थांबा, मग पुढचं बघू.

पडद्यावर ‘एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन’ असा प्रश्न येऊ शकतो. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी जागा. बिटलॉकर चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल तर वाय दाबू नका. वाय दाबल्यावर विंडोजचा पिनही नव्याने लावावा लागतो.

आता सेटिंग, एका वेळी एकच

आधी काहीही न वाढवता विंडोज चालू करा. बायोसची नवी आवृत्ती दिसते ना ते बघा, तापमान आणि पंखे तपासा. साटा मोड, रीसायझेबल बार, व्हर्च्युअलायझेशन (एएमडीवर ‘एसव्हीएम’), सिक्युअर बूट आणि फॅन कर्व्ह परत लावा. व्हॅलोरंटसारखे खेळ विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम मागतात. अपडेटनंतर ‘गेम उघडत नाही’ ही तक्रार बहुधा इथलीच असते.

मग फक्त एक्स्पो. ६००० वर ‘यूसीएलके’ (मेमरी कंट्रोलरचा वेग) मेमरी क्लॉकइतकाच, म्हणजे ३०००, हवा. बोर्डाने तो १५०० वर टाकला तर वेग वाढूनही खेळात मंद वाटेल. एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) २००० पुरे. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो हे रीडिंग दाखवणारं साधन उघडून ‘व्हीडीडीसीआर सॉक’ पाहा. ६००० साठी १.२० ते १.२५ व्होल्ट बहुतेक प्रोसेसरांना पुरतात. बोर्ड ऑटोवर १.३० ला टेकत असेल तर हाताने १.२५ लिहा आणि प्रत्यक्ष रीडिंग पुन्हा बघा. मागितलेलं आणि मिळालेलं व्होल्टेज वेगळं असू शकतं.

रॅमची परीक्षा विंडोजबाहेर, मेमटेस्ट८६ ने. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, ३२ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. एकही चूक चालत नाही. ‘फक्त एकच एरर’ याचा अर्थ महिन्याभराने खराब झालेली फाइल.

दर वेळी सुरू व्हायला मिनिटभर लागत असेल तर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर’ चालू करता येतं. मग बोर्ड जुनंच ट्रेनिंग वापरतो. त्याच्या जोडीला ‘पॉवर डाउन एनेबल’ही चालूच ठेवा. एक चालू आणि दुसरं बंद या जोडीने अनेक मशीन कारण न कळता कोसळतात. आणि हे दोन्ही रॅमची परीक्षा पास झाल्यावरच. आधी चालू केलं तर कच्चं ट्रेनिंगच कायम होतं.

आता प्रोसेसर. ७६०० चा मूळ हिशोब असा: पीपीटी (एकूण वीजमर्यादा) ८८ वॅट, टीडीसी (सततच्या प्रवाहाची मर्यादा) ७५ अँपिअर, ईडीसी (क्षणिक प्रवाहाची मर्यादा) १५० अँपिअर, बूस्ट ५.१ गिगाहर्ट्झ, तापमानाची मर्यादा ९५ अंश. खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलर असेल तर मर्यादा वाढवून काही हाती लागणार नाही, त्याचा जीव तेवढा नाही. चार हीटपाइपचा टॉवर कूलर असेल तर पीबीओ (एएमडीचं आपोआप बूस्ट वाढवणारं सेटिंग) ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर ठेवून पीपीटी १२० पर्यंत न्या, बूस्ट ओव्हरराइड २०० मेगाहर्ट्झ आणि तापमानाची मर्यादा ८५ लिहा. विदर्भात राहत असाल तर ही ८५ ची ओळ सोडूच नका. खोलीचं तापमान वाढतं तितकंच साधारण प्रोसेसरचं वाढतं, त्यामुळे डिसेंबरच्या रात्री नागपुरात पास झालेलं सेटिंग मे महिन्यात त्याच खोलीत नापास होतं.

खरी मजा कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आहे. ऋण आकडा दिला की प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज कमी होतं, एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. सगळ्या कोरना उणे १० देऊन सुरुवात करा, टिकलं तर १५, मग २०. उणे ३० हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे दिसतो. तो दुसऱ्याच्या चिपचा आहे.

इथली चूक ठरलेली असते. लोक सिनेबेंच हा बेंचमार्क दहा मिनिटं चालवतात आणि ‘स्थिर’ म्हणून जाहीर करतात. सिनेबेंचमध्ये सगळे कोर भारावर असतात, त्यामुळे वेग खाली आणि तापमान वर असतं. कर्व्हची खरी कसोटी नेमकी उलटी: एकच कोर, कमाल वेग, हलका भार. म्हणूनच अशी मशीनं ब्राउझर उघडताना किंवा रात्री नुसती चालू असताना रीस्टार्ट होतात. कोरसायकलर हे साधन एकेक कोर पाळीपाळीने तपासतं, ते पूर्ण रात्रभर लावा. कुठला कोर पडला ते त्याच्या नोंदीत कळतं, त्याच कोरचा आकडा ५ ने मागे घ्या. रायझन मास्टरमध्ये तारा असलेले चांगले कोर बहुधा आधी पडतात. ते मुळातच कमी व्होल्टेजवर चालत असतात, आणखी कापायला जागाच उरलेली नसते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) १८ किंवा १९ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर पडदा निळा न होताही मशीन डळमळीत आहे असं समजा.

एक सांगून ठेवायला हवं: एक्स्पो आणि पीबीओ दोन्ही एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहेत, आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही.

सगळं जमलं की प्रोफाइल पेनड्राइव्हवर साठवा आणि त्याच्या नावात बायोसची आवृत्ती लिहा. पुढच्या अपडेटनंतर त्या नावाकडे पाहून तुम्हीच थांबाल.

बिघडलं तर

फाइल दिसत नाही: झिप उघडलेलं नाही किंवा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये आहे. दिसते पण नाकारली जाते: मॉडेल किंवा रेव्हिजन चुकलं, किंवा बोर्ड मागे जायला देत नाही.

फ्लॅश पूर्ण झाला पण अर्ध्या तासानंतरही पडदा काळाच: पॉवर सप्लाय मागून बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून उरलेली वीज घालवा. मग क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ५ ते १० सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. तरी नाही तर एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, म्हणजे ए२ मध्ये लावून पुन्हा थांबा.

फ्लॅश मध्येच तुटला असेल तर फ्लॅशबॅक, म्हणजे बोर्डावरचं बटण दाबून थेट पेनड्राइव्हवरून बायोस लिहिणं. यासाठी प्रोसेसर आणि रॅम नसली तरी चालते, २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची पॉवर केबल पुरे. फाइलीला ठराविक नाव द्यावं लागतं, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत: एमएसआयला MSI.ROM, गिगाबाइटला GIGABYTE.BIN, अ‍ॅसरॉकला CREATIVE.ROM. असूसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅमच असतो. पेनड्राइव्ह मागच्या खुणेच्या पोर्टमध्येच लावा. असूसवर बटण तीन सेकंद दाबून दिवा तीनदा लुकलुकला की सोडा. दिवा पाच सेकंद लुकलुकून स्थिर झाला तर बोर्डाला फाइल वाचता आलेली नाही: नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट यातलं काहीतरी चुकलंय.

फ्लॅशबॅकचं बटणच नसलेल्या स्वस्त बोर्डावर बायोसची आठ पायांची चिप बाहेरून लिहावी लागते. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे काम करणारे मिळतात. घरी सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि क्लिप लावून करायचं असेल तर आधी भिंगातून चिपवरचा नंबर वाचा: २५क्यू२५६ च्या पुढे जेव्ही असेल तर ती ३.३ व्होल्टची, जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. हा प्रोग्रॅमर मुळात ३.३ व्होल्टचा आहे. जेडब्ल्यू चिपला मध्ये १.८ व्होल्टचा अडॅप्टर न लावता क्लिप जोडली, तर नुसता मजकूर बिघडलेली चिप कायमची जळते.